नॉर्थ इंडीजचा बारावा खेळाडू

वेस्ट इंडीज नावाचा देश जगात नाही. आज हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, "माहितीये की, त्यात काय?" पण चौथीतल्या पोराला हे कळणं म्हणजे भूकंप असतो. २००७ चा वर्ल्ड कप तिकडे होता. भारत आधी बांगलादेशकडून हरला, मग श्रीलंकेकडून, आणि पहिल्याच फेरीत घरी परत आला. आमच्या घरातली मोठी माणसं टीव्ही बंद करून वेळेवर झोपायला लागली. मी आणि दादा मात्र जागे राहायचो, कारण आमच्यासाठी वर्ल्ड कप अजून चालूच होता. आज सामना जमैकात, उद्या गयानात, परवा अँटिग्वात. दादाला प्रश्न पडला की ह्या सगळ्याची राजधानी कुठली? शाळेचा नकाशासंग्रह काढला. जमैकाला स्वतःची राजधानी, बार्बाडोसला स्वतःची, त्रिनिदादला स्वतःची. झेंडे वेगळे, चलनं वेगळी. वेस्ट इंडीज ही अक्षरं समुद्राच्या निळ्या रंगावर तिरकी छापलेली होती, जमिनीवर नव्हती.

"म्हणजे टीम आहे, पण देश नाही," दादा म्हणाला. मला तो चेहरा अजून आठवतो. काहीतरी फुकटात सापडल्यासारखा.

नंतर आम्ही दोघांनीही ह्यावर बरंच वाचलं आणि गोष्ट वाटली होती त्यापेक्षा भारी निघाली. वेस्ट इंडीजचा संघ १९२८ साली लॉर्ड्सवर पहिली टेस्ट खेळला, तेव्हा ही सगळी बेटं इंग्रजांच्या वसाहती होती. १९५८ साली खरोखरच एक वेस्ट इंडीज फेडरेशन तयार झालं, दहा घटकांचं. ते जेमतेम चार वर्षं टिकलं. १९६१ साली जमैकाने सार्वमत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले की दहातून एक गेला की शून्य उरतं. गणित चूक, राजकारण बरोबर. १९६२ च्या मे महिन्यात फेडरेशन संपलं. टीम मात्र राहिली. आणि गंमत म्हणजे गयाना, तेव्हाचं ब्रिटिश गियाना, त्या फेडरेशनमध्ये कधी सामीलच झालं नव्हतं. ते बेटही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. तरी १९७५ आणि १९७९ चे वर्ल्ड कप उचलणारा कप्तान क्लाइव्ह लॉइड त्याच गयानाचा. रिचर्ड्स अँटिग्वाचा, होल्डिंग जमैकाचा, मार्शल बार्बाडोसचा. देश जमला नाही, ते अकरा जणांना जमलं.

ऑलिंपिकमध्ये मात्र हे चालत नाही. तिथे प्रत्येक बेटाची वेगळी समिती. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीज नव्हतं, बार्बाडोस होतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट परत येतंय, १९०० नंतर पहिल्यांदा, आणि तिथेही वेस्ट इंडीज म्हणून कुणाला उतरता येणार नाही. म्हणजे हा असा देश आहे, की जो क्रिकेटच्या बाहेर पाऊल टाकलं की विरघळतो.

तर त्या मार्चमध्ये दादाने ठरवलं की आपणही एक देश काढायचा. वेस्ट आहे तर नॉर्थ का नको? नाव पडलं नॉर्थ इंडीज.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आत्या आमच्याकडेच, माहेरी मिरजेला राहायची. मिरजेत दवाखाने पुष्कळ, आणि दादाला ते लागायचे. त्याला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा जो आठ नंबरचा फॅक्टर असतो, तो त्याच्या शरीरात जवळपास तयारच होत नाही. लोकांना वाटतं अशा माणसाला खरचटलं की तो रक्त जाऊन मरतो. तसं नसतं. खरा त्रास आतला असतो. गुडघा, घोटा, कोपर, ह्या सांध्यांच्या आत रक्त साचतं, सांधा टोमॅटोसारखा फुगतो, आणि असं वरचेवर झालं की आतली कूर्चा खराब होत जाते. त्यावर फॅक्टरचं इंजेक्शन. ते तेव्हा इतकं महाग होतं, की घरात त्याची किंमत हळू आवाजात सांगितली जायची.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो. आमच्या आजीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक सदोष होता असं धरलं, तर आत्याला तो मिळाला आणि माझ्या बाबांना दुसरा. एवढीच नाणेफेक. बाबा शाळेत लांब उडीत पहिले यायचे. मला तर बाबांकडून एक्स मिळायचा प्रश्नच नव्हता, मुलगा म्हटल्यावर वाय मिळतो. म्हणजे मी ह्या टॉसला मैदानावरही नव्हतो.

गावातल्या एका डॉक्टरांनी दादा पाच वर्षांचा असतानाच सांगितलं होतं, मैदानी खेळ बंद. शाळेत पीटीच्या तासाला तो वर्गात बसायचा, सगळ्यांची दप्तरं सांभाळत. 'दप्तरवाला' हे त्याचं नाव सातवीपर्यंत होतं.

आता देशाविषयी. चार बेटं होती आणि ती सगळी आमच्या वाड्यात होती. ओसरीचं उलटं रीसओ, कोठीचं उलटं ठीको, पडवीचं वीडप, आणि माळ्याचं ळामा. ळ ने सुरू होणारा देश जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही. ळामाची लोकं डोंगराळ, अबोल, वेगवान गोलंदाज. ठीको श्रीमंत बेट, कारण धान्य तिथे. रीसओवर सगळे गप्पिष्ट आणि फिरकी टाकणारे. खेळाडूंची नावं ठरवण्यावर आम्ही आठवडा घालवला असेल: क्लाइव्ह कुलकर्णी, कोर्टनी कांबळे, ब्रायन लोखंडे, विव्ह जाधव.

राष्ट्रीय खेळ पुस्तक क्रिकेट. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत शेवटच्या बाकावर वेळ काढलाय त्यांना हे शिकवायला नको. पुस्तक मध्येच उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन. शून्य आला की आउट. आठ आला तर काय, ह्यावर प्रत्येक वर्गात वेगळा कायदा असतो. आमच्या देशात आठ म्हणजे एक रन. आम्ही त्यात भर घातली ती पिचची. प्रत्येक बेटाचं मैदान म्हणजे एक पुस्तक. ळामावर जुनी टेलिफोन डिरेक्टरी, पानं जीर्ण आणि एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे 'अनियमित उसळी'. ठीकोवर बाबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, जाडजूड, पाटा विकेट. वीडपवर माझं गणिताचं गाईड, जे वापरून वापरून एका ठिकाणी आपोआप उघडायचं. ते पान होतं ४६, त्यामुळे वीडपला षटकारांचा पाऊस पडायचा. दादा सामन्याआधी पिच रिपोर्ट लिहायचा. 'शिलाई सैल झाली आहे, दुसऱ्या डावात शून्य वाढतील.' आजीने देवघरातल्या पोथीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून ते आमचं लॉर्ड्स. तिथे कधीच खेळायला मिळालं नाही.

दुसरा खेळ पावसाळी. वाड्याचं छप्पर चार ठिकाणी गळायचं. प्रत्येक बेटाचं एक भांडं, घड्याळ लावून पाच मिनिटं, कुणाच्या भांड्यात जास्त थेंब. ह्याला 'गळती करंडक' म्हणत. बाबांनी एका उन्हाळ्यात कौलं शाकारून घेतली, तेव्हा दादाने देशभर दुखवटा जाहीर केला होता.

पण आमच्या क्रीडासंस्कृतीत मला आज सर्वांत नवलाचा वाटतो तो बारावा खेळाडू. खऱ्या क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला बॅटिंग नसते. पाणी आणायचं, ग्लोव्हज आणायचे, कुणी दमलं तर फील्डिंगला जायचं. नॉर्थ इंडीजच्या घटनेत, हो, घटना होती, वहीच्या मधल्या पानावर, लाल शाईत, कलम तीन असं होतं: बारावा खेळाडू कप्तान निवडेल. आणि कलम चार: प्रत्येक मालिकेत एक डाव बारावा खेळाडू कुणाच्याही जागी खेळेल. त्याचं नाव मॅल्कम माने. ळामाचा. उंची सहा फूट चार. त्याला कधीही दुखापत झाली नाही. नवव्या वर्षी मला एवढंच कळलं होतं की मॅल्कम मानेची बॅटिंग असली की पुस्तक दादाच उघडणार.

खरं क्रिकेटही आम्ही थोडं खेळायचो, आत्या भाजी आणायला गेली की. पडवीत, प्लास्टिकच्या बॉलने. दादा जागेवर उभा राहून मारायचा आणि मी पळायचो. त्याचा रनर मी. टायमिंग त्याचं फार सुंदर होतं, हे मी भाऊ म्हणून नाही सांगत, शेजारची पोरं कुंपणावर बसून बघायची. माझ्या जन्माच्या वर्षी, १९९७ ला, चेन्नईत सईद अन्वरने आपल्याविरुद्ध १९४ केले, त्यातला बराचसा डाव शाहिद आफ्रिदी त्याचा रनर होता. दादा म्हणायचा, १९४ अन्वरचे आहेत, पण पाय आफ्रिदीचे, स्कोअरकार्डात कुठे लिहिलंय का? म्हणून आमच्या सगळ्या स्कोअरवह्यांत 'धावा' आणि 'चेंडू' ह्यांच्यामध्ये एक रकाना होता, 'रनर'. पुस्तक क्रिकेटमध्येसुद्धा. तिथे कुणी पळतच नाही, तरी प्रत्येक खेळाडूच्या पुढे त्याच्या रनरचं नाव.

२००९ च्या दिवाळीत त्याच्या उजव्या गुडघ्यात मोठा रक्तस्राव झाला. खेळताना नाही, झोपेत. सकाळी उठला तर पाय सरळ होईना. पण घराला कारण हवं असतं, आणि प्लास्टिकची बॅट समोरच होती. ती बॅट आत्याने बंबात घातली. प्लास्टिकची असल्यामुळे वास फार आला, तो दोन दिवस घरात होता.

त्या वेळी फॅक्टर वेळेवर मिळालं नाही. रक्तपेढीतून प्लाझ्मा चढवावा लागला, बऱ्याच पिशव्या. हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या त्याने मला फ्रँक वॉरेलची गोष्ट सांगितली. ती ऐकून माझ्या डोक्यातला लारा दोन नंबरवर गेला.

वॉरेल बार्बाडोसचा. एका संपूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडीजचा कप्तान नेमलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. तोपर्यंत टीममध्ये गोलंदाज काळे चालायचे, फलंदाज काळे चालायचे, कप्तान गोरा लागायचा. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्सने वर्तमानपत्रातून ह्याविरुद्ध मोहीम चालवली. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कप्तान म्हणून गेला आणि ब्रिस्बेनला जगातली पहिली टाय टेस्ट झाली. १९६२ ला भारत तिकडे गेला होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. ज्यांनी दिलं त्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होते, आणि वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला. तो मार्च महिना. मे महिन्यात फेडरेशन संपलं. पाच वर्षांनी, १९६७ ला, बेचाळिसाव्या वर्षी वॉरेल ल्युकेमियाने गेला. कोलकात्यात अजूनही ३ फेब्रुवारीला त्याच्या नावाने रक्तदान शिबिर भरतं.

दादा सलाइनच्या स्टँडकडे बघत म्हणाला, "माझ्यात आत्ता किती जणांचं रक्त असेल रे बारक्या? अकरा तरी असतील. मीच फेडरेशन झालोय."

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की असे देश बांधणारे आम्ही दोघंच नव्हतो. लहान मुलांच्या सविस्तर काल्पनिक जगाला मानसशास्त्रात 'पॅराकॉझम' असा शब्दच आहे. ब्राँटे भावंडांच्या घरात १८२६ साली लाकडी सैनिकांचा एक खोका आला आणि त्यातून आधी ग्लास टाउन आणि मग अँग्रिया नावाचं राज्य उभं राहिलं. पण मला जवळचा वाटला तो जॅक केरुआक. रस्त्यावर भटकणारा, दारू पिणारा, बंडखोर लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. हा माणूस लहानपणापासून स्वतःची एक बेसबॉल लीग चालवायचा. गोट्या, काड्या, खोडरबर, पुढे पत्ते. टीमची नावं मोटारींवरून. खेळाडूंची आकडेवारी, बातमीपत्रं, पगार, सगळं लिहिलेलं. मोठा झाल्यावरही तो हे करत राहिला, आणि फारसं कुणाला सांगितलं नाही. ते कागद आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. १९६८ ला रॉबर्ट कूव्हर नावाच्या लेखकाने तर अशा माणसावर कादंबरीच लिहिली. त्यातला एकटा हिशेबनीस फाशांवर बेसबॉल लीग चालवतो, आणि एके रात्री फाशांचं दान असं पडतं की त्याचा सर्वांत लाडका तरुण खेळाडू मरतो. फासे परत टाकता आले असते. तो टाकत नाही. ही कादंबरी मी दादाला दिली होती. त्याने अर्ध्यात परत केली. "ह्याने परत टाकायला पाहिजे होते," एवढंच म्हणाला.

मोठेपणी लोक हे सगळं जरा मोठ्या जागेवर करतात, एवढाच फरक. ज्यांना फिफा घेत नाही अशा टीमांची कोनिफा नावाची संघटना २०१३ पासून आहे. २०१६ ला त्यांचा वर्ल्ड कप अबखाझियात झाला. अबखाझियाला जगातले मोजकेच देश देश मानतात. फायनल अबखाझिया विरुद्ध पंजाब, पेनल्टीवर यजमान जिंकले. पंजाबच्या टीममधली बरीचशी पोरं इंग्लंडमध्ये वाढलेली. त्याच्याही आधी, २००१ ला, तिबेटची टीम कोपनहेगनमध्ये ग्रीनलंडविरुद्ध खेळली आणि हरली. निर्वासितांच्या वस्त्यांतून जमवलेली टीम, समोर अजून फिफाच्या दारात उभा असलेला ग्रीनलंड. बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ साली लिहिलं की राष्ट्र हा कल्पिलेला समूह असतो, आपण ज्यांना कधी भेटणार नाही अशा लोकांशी नातं मानतो. बरोबर आहे, पण पुस्तक वाचून ते पटतं आणि टीम बघून ते होतं. तिबेटच्या अकरा जणांनी रांगेत उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, की ती दीड मिनिटं नकाशाची गरज नसते.

आम्ही मात्र तोवर देश बंद करत आणला होता. बंद पडण्याचं तसं निमित्त एक सापडतं. १ ऑक्टोबर २०११ पासून आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर काढून टाकला. कारण असं, की खेळाडू त्याचा गैरफायदा घेतात. एमसीसीच्या नियमपुस्तकात तो अजूनही आहे, गल्लीत तर आहेच. दादा तेव्हा बारावीत होता, वहीत असं काही लिहायचं वय गेलं होतं. तरी त्याने नॉर्थ इंडीज क्रिकेट बोर्डाची तातडीची सभा घेतली. उपस्थिती दोन. ठराव मंजूर झाला की आमचा देश ह्या निर्णयाचा निषेध करतो आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर पडतो. त्यानंतरच्या पानांवर मालिका आहेत, पण विरळ. शेवटचा सामना २०१२ च्या मे महिन्यातला, रीसओ विरुद्ध वीडप, अर्धवट. पुढे दादा बी.कॉम.ला गेला, मी दोनेक वर्षांनी इंजिनिअरिंगला पुण्यात.

आणि मग २०१५ ला ती बातमी आली. अ‍ॅलेक्स डाऊसेट नावाच्या इंग्लिश सायकलपटूने मँचेस्टरच्या ट्रॅकवर एका तासात ५२.९३७ किलोमीटर सायकल चालवून विश्वविक्रम केला. त्याला हिमोफिलिया आहे, तोही तीव्र प्रकारचा, दादासारखाच. मी ती लिंक दादाला मोठ्या उत्साहाने पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. दिवाळीला गेलो तेव्हा तो स्वतःच बोलला. "त्याला लहानपणापासून नियमित फॅक्टर मिळालं. आईवडिलांनी पोहायला घातलं. स्नायू बळकट झाले की सांधा सांभाळला जातो म्हणे. आपल्याला काय सांगितलं? बसून राहा." मग बराच वेळ काही नाही. मग, "बसलो नसतो तर पहिल्याच वर्षी गुडघा गेला असता, हेही आहे. फॅक्टरला पैसे कुठे होते?"

दोन्ही खरं आहे. त्या डॉक्टरांवर राग काढावा असं मला अनेकदा वाटतं आणि तो नीट बसत नाही. औषध हाताशी नसताना 'खेळू नको' हाच उपचार होता. पण पोहायला जा, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मिरज-सांगलीला कृष्णा आहे, तलाव आहेत. सरकारी रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळायला लागलं तोवर उजव्या गुडघ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गेल्या वर्षी पुण्यात त्याचा तो गुडघा बदलला. एकतिसाव्या वर्षी. हिमोफिलिया असलेल्या माणसाचं असलं ऑपरेशन म्हणजे आधी, मध्ये आणि नंतर कित्येक दिवस मोजून मापून फॅक्टर, रोज रक्ताच्या तपासण्या. मी लॅपटॉप घेऊन तिथेच मुक्काम टाकला होता. त्याच्या आधीच्या महिन्यात मिरजेचा वाडा बिल्डरला दिला होता. चार बेटं एका जेसीबीने तीन दिवसांत बुडवली. माळ्यावरच्या ट्रंकेत नऊ वह्या सापडल्या, त्या मी बरोबर आणल्या होत्या. हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी नॉर्थ इंडीजचे सगळे सामने एका फाइलमध्ये टाइप करायला घेतले.

आता माझ्यासारख्या माणसाच्या हातात आकडे आले की तो गप्प बसत नाही. पुस्तक क्रिकेटचं गणित सोपं आहे. पाच शक्यता, शून्य-दोन-चार-सहा-आठ, सगळ्या सारख्या. दर पाच चेंडूंना सरासरी एक विकेट. आमच्या नियमाने, आठाला एक धरून, एका खेळाडूची सरासरी येते तेरा. दहा विकेट म्हणजे सरासरी पन्नास चेंडू आणि एकशेतीस रन. म्हणजे आयपीएल यायच्या आधी आम्ही आयपीएलहून वेगवान क्रिकेट खेळत होतो. वह्यांतले आकडेही साधारण तसेच आले. क्लाइव्ह कुलकर्णीची सरासरी चौदा, कोर्टनी कांबळेची अकरा. वीडपचं पिच अपेक्षेप्रमाणे पाटा. मला फार बरं वाटलं. पोरांनी इमानदारीत पानं उघडली होती.

मग शतकं. ह्या नियमांनी एखाद्या खेळाडूने शंभर गाठायची शक्यता काढली, तर साधारण साडेआठशे डावांतून एक येते. आणि मॅल्कम माने, ळामाचा बारावा खेळाडू, एकूण एकतीस डाव खेळला. त्यात शतकं चार.

मी ते परत मोजलं. पिच तपासलं. चारही शतकं वेगवेगळ्या बेटांवर. एक डिरेक्टरीवर, जिथे कुणालाच नीट खेळता यायचं नाही. तारखा पाहिल्या. पहिलं २००७ चं. दुसरं आणि तिसरं २००९ च्या नोव्हेंबरमधली, लागोपाठच्या दोन मालिकांत. ती पानं हॉस्पिटलमध्ये लिहिलेली आहेत, अक्षर आडवं पडून काढल्यासारखं आहे आणि पुस्तक कुठलं वापरलं ते लिहिलेलं नाही. चौथं त्या ऑक्टोबर २०११ च्या सभेनंतरचं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, त्याची गुंगी पूर्ण उतरल्यावर, मी त्याला लॅपटॉप दाखवला. साडेआठशेत एक, आणि ह्याची एकतीसमध्ये चार. तो स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला.

"फॉर्मात होता," दादा म्हणाला.

नंतर फिजिओथेरपिस्ट आल्या. वॉकर धरून दारापर्यंत आणि परत. दारापर्यंत त्याला जायला चार मिनिटं लागली. मी मागून सलाइनचा स्टँड ढकलत होतो.

मी पुण्याच्या माझ्या फ्लॅटवर रात्री बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नॉर्थ इंडीजचा अर्धवट राहिलेला शेवटचा सामना पूर्ण करणारा. रँडम आकडे काढायचे, पुस्तकाऐवजी. वीडपच्या पिचवर सहा जरा जास्त येतील अशी सोय केली. डिरेक्टरीसाठी वेगळं फंक्शन. कामातला कोड मी इतक्या काळजीने क्वचितच लिहितो. रीसओला जिंकायला ५८ हवे होते आणि तीन विकेट होत्या. सामना चालवायच्या आधी स्कोअरकार्डचा फोटो दादाला पाठवला, नावं बरोबर आहेत का बघ म्हणून.

रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं. "रनरचा रकाना कुठाय?"

मी लिहिलं, की त्याने निकालावर काही फरक पडत नाही, पळत कुणीच नाही.

"टाक," तो म्हणाला.

मग तो रकाना घातला. प्रत्येक खेळाडूच्या पुढे जुन्या वहीतून नाव शोधून टाइप करावं लागलं, दीड तास गेला त्यात. मॅल्कम मानेच्या पुढे सगळ्या वह्यांत एकच नाव आहे, माझं.